राजा आली

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. ते वाटायला पुढं पाच-सहा वर्षं जावी लागली, आणि तेही जर्मनीत.

नाव बदलायचं कारण साधं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव आणि माझं माहेरचं नाव एकच निघालं. सासूबाई म्हणाल्या, "एका हाकेला दोघी धावून आल्या तर स्वयंपाकघरात चेंगराचेंगरी व्हायची." मांडवात सगळे हसले, मीही हसले. ताटात तांदूळ पसरले होते, त्यात ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ताटाच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. त्यांना ते नाव उलटं दिसत होतं, तरी ते त्यांनी सगळ्यांच्या आधी मनात वाचलं. "जावईबापूंचं अक्षर सुबक आहे," एवढंच म्हणाले.

उलटं वाचणं हा आबांचा धंदाच होता. तासगावच्या एका छापखान्यात ते खिळे जुळवायचे. शिशाच्या खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, ते कागदावर सुलटं उमटतं. आबांची शाळा चौथीपर्यंत झालेली, पण शुद्धलेखन असं की वकील लोक आपला मजकूर त्यांच्याकडून तपासून घ्यायचे. मी अक्षरं शाळेत जायच्या आधी त्यांच्याकडून शिकले, आणि ती खिळ्यांवरून शिकले. पहिल्या दिवशी पाटीवर मी ‘ग’ उलटा काढला, तेव्हा बाई म्हणाल्या, "ही पोर आरशातून शिकून आलीय."

आमच्या घरात मॅट्रिक झालेलं कुणी नव्हतं. मी झाले. मग सांगलीला बी.एस्सी. आणि पुण्याला एम.एस्सी. झाले. यात माझ्या हुशारीपेक्षा इतरांचे उपकार जास्त आहेत. गणिताच्या मास्तरांनी स्वतःची पुस्तकं दिली. छापखान्याच्या मालकांनी कापून उरलेला कागद वह्यांसाठी दिला, तोही आठवणीनं, दर जूनला. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी आबांनी मला समोर बसवलं.

"हे बघ बये, तीस वर्षं मी लोकांची नावं जुळवतोय. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, तेराव्याच्या चिठ्ठ्या. चार दिवसांनी सगळं रद्दीत. पुस्तक राहतं. तू शिकतेयस तर एखादं पुस्तक लिही. पहिल्या पानावर तुझं नाव, मधे माझं, मग आपलं आडनाव. मोठ्या टाइपात."

"कशावर लिहू?"

"कशावरही लिही. मी काय वाचणार आहे? मी पहिलं पान बघणार."

याशिवाय आबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही.

हे लग्नाआधीच जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात लागले होते. साठ सालच्या आसपास मी तिथं पोचले. वारा कारखान्याकडून येतोय की नदीकडून, ते बघून शेजारणी कपडे वाळत घालायच्या. दोन महिन्यांत मीही तसंच करू लागले. ह्यांनीच ओळख काढून मला नदीपलीकडच्या एका विद्यापीठात एका प्राध्यापकांसमोर उभं केलं. प्राध्यापक तांब्यापासून होणाऱ्या निळ्या रंगांवर काम करत होते. माझे कागद बघून त्यांनी मला डॉक्टरेटसाठी घ्यायचं कबूल केलं आणि नावनोंदणीच्या खिडकीकडे पाठवलं. तिथं सगळं अडलं.

खिडकीतल्या गृहस्थांनी माझं पदवीपत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"ही पदवी कुणाची?"

"माझी."

"आणि हा पासपोर्ट?"

"तोही माझाच."

"आल्झो, असं आहे तर," त्यांनी चष्मा वर केला. "आडनाव बदललं, समजलं. माझ्या बायकोचंही बदललं. पण पहिलं नाव?"

"लग्नात बदलतात."

"आणि हे मधलं?"

"ते आधी वडिलांचं होतं. आता नवऱ्याचं आहे."

त्यांनी दोन्ही कागदांवरची नावं बोटानं एकेक करून ताडून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे लग्नात बाई पूर्णच बदलतात?"

त्यांना चेष्टा करायची नव्हती, खरंच विचारत होते. त्यांच्या अर्जात ‘गेबुर्ट्सनामं’ असा एक रकाना होता, म्हणजे बाईचं जन्माचं आडनाव. जन्माचं पहिलं नाव वेगळं असू शकतं ही कल्पनाच त्या अर्जाला नव्हती. या दोन बायका एकच आहेत असं कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं, असं ठरलं. ते कोण देणार? ज्यानं पहिलं नाव ठेवलं तोच.

आबा एक दिवस रजा काढून तालुक्याच्या कोर्टात गेले. त्यांची पत्रं नेहमी एकाच पद्धतीची असायची. पाकिटावर माझं नवं नाव, कारण पत्र पोचायला हवं. आत मायन्यात जुनं. या पत्रात त्यांनी लिहिलं होतं: "कारकुनाने वाचून दाखवले की माझी कन्या यापुढे अमुक नावाने ओळखली जाईल. मी होय म्हणालो. मजकुरात ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून घेतल्या." सोबत शिक्का मारलेला कागद होता. त्याचं जर्मन भाषांतर, त्यावर आणखी शिक्के, असं करत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत प्रत्येक वेळी खिडकीसमोर मी कागद पुन्हा पुन्हा मोजायची. आपल्याला परत पाठवतील, हे एकच डोक्यात असायचं.

नोंदणी झाली आणि कामाला लागले. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी तांबं, वाळू आणि चुना भाजून एक निळा रंग करत असत. त्याचे कण मला तपासायला हवे होते. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत इजिप्तच्या वस्तूंचा एक लहान संग्रह होता. तो सांभाळणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या, अविवाहित, म्हणून सगळे त्यांना नुसतं फ्राउलाइन म्हणायचे. मी मनातल्या मनात त्यांना फ्राउलाइनबाई म्हणायची.

पहिले काही दिवस त्या माझ्यावर संशयानं लक्ष ठेवून होत्या. केमिस्ट लोक खरवडतात, अशी त्यांची तक्रार होती. एकदा मी त्यांच्या टेबलाशी थांबले होते. टेबलावर जाड कागदांचे मोठे तुकडे पसरले होते. कोरीव दगडावर ओला कागद ठेवून ब्रशनं ठोकायचा, वाळला की सोलून काढायचा, म्हणजे लेखाचा ठसा मिळतो. दगडाला लागलेल्या बाजूनं बघितलं तर अक्षरं उलटी आणि उठावदार, अगदी खिळ्यांसारखी. त्या लिपीतलं मला काही कळत नव्हतं. पण दोन कागदांकडे बघून मी म्हणाले, "ही ओळ आणि ही ओळ एकच आहे. फक्त इथं शेवटचं चिन्ह नाही."

त्यांनी भिंग लावलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. हे मला कळायला दोन दिवस लागले होते. तुम्हाला उलटं वाचता येतं?"

"माझे वडील खिळे जुळवतात."

"श्रिफ्टझेट्सर," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत जरा सरळ बसल्या. तिकडे कंपोझिटरला मान आहे हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मला कॉफी मिळू लागली.

त्या कागदांवर एका राणीची गोष्ट होती. फ्राउलाइनबाईंनी ती मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती राजाची मुलगी. दुसऱ्या राजाची बायको झाली. नवरा गेला तेव्हा सवतीचा मुलगा लहान होता, म्हणून तिनं त्याच्या नावानं कारभार पाहिला. काही वर्षांनी ती स्वतःच राजा झाली. राणी नव्हे, राजा. त्यांच्या भाषेत राज्य करणाऱ्या बाईला वेगळा शब्दच नव्हता. राजघराण्यातल्या बायकांच्या पदव्या म्हणजे राजाची मुलगी, राजाची बायको, राजाची आई. त्यामुळे तिनं राजाची पदवी घेतली, राजाचा मुकुट घेतला आणि पुतळ्यांना राजाची दाढीही लावून घेतली. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या सावत्र मुलानं भिंतींवरची तिची नावं तासून काढायला लावली.

"आणि त्या जागा मोकळ्या सोडल्या?" मी विचारलं.

"काही सोडल्या. काहींमध्ये दुसरी नावं कोरली. कुठं तिच्या वडिलांचं, कुठं नवऱ्याचं."

मला हसू आलं. फ्राउलाइनबाईंना ते आवडलं नाही. मग मी त्यांना माझे कागद, ती खिडकी आणि कोर्टातली शपथ हे सगळं सांगितलं. कप उचलून त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

"मग ती बाई होती हे कळलं कसं?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात धरून बोट त्या कागदावरच्या एका लहान चिन्हावर टेकवलं. पालथ्या वाटीसारखं चिन्ह, मुळात ती एक पावाची लादी. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी ते आलं की शब्द स्त्रीलिंगी होतो. पाथरवटांनी नावं बदलली, पण आजूबाजूची वाक्यं पुष्कळ ठिकाणी तशीच राहू दिली. त्यामुळे पहिल्यांदा ही लिपी वाचणारे गोंधळात पडले. नाव पुरुषाचं, पदवी राजाची आणि वाक्य मात्र बाईचं.

"आम्हा जर्मन लोकांना हे समजणं कठीण," त्या म्हणाल्या. "आम्ही ‘कोनिग काम’ म्हणतो. राजा आला. क्रियापदावरून काही कळत नाही."

"आमच्यात कळतं. राजा आला. राणी आली."

"आणि जी राजा आहे ती आली तर?"

मी मनात म्हणून बघितलं. "राजा आली."

"हे चुकीचं वाटतं?"

"शाळेत छडी मिळेल. पण अर्थ लगेच कळतो."

त्यांनी ते दोन शब्द रोमन अक्षरांत लिहून घेतले आणि मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. भिंतीवर त्यांनी दुसऱ्या एका राणीच्या रंगीत अर्धपुतळ्याचं पोस्टकार्ड लावलं होतं. बर्लिनमध्ये तो बघायला रांग लागते, असं सगळे सांगायचे. "तिच्या नावाचा अर्थच ‘सुंदर अशी ती आली’ असा आहे," त्या म्हणाल्या. "तिलाही पुढं पुसायला निघालेच होते. पण चेहरा सापडला आणि वाचली. हिला मात्र दाढीत शोधावं लागतं."

प्रबंध पूर्ण व्हायला तीन वर्षं लागली. तिथं प्रबंधाच्या ठराविक प्रती छापून विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी हातात मिळत नसे. म्हणजे पुस्तकच की ते. पहिलं पान, त्यावर नाव, मोठ्या टाइपात. फ्राउलाइनबाईंनी आधीच बजावलं होतं. "तुमच्या नावाखाली ‘गेबोरेनं’ लिहून जन्माचं आडनाव घाला. आमच्याकडे चालतं. कुणी विचारणार नाही."

मी ह्यांना सांगितलं. हे जेवत होते.

"अहो, पहिल्या पानावर माहेरचं आडनाव घालता येतं म्हणे."

"घाल की."

"चालेल ना?"

"मला काय होतंय? पण त्या खिडकीतल्या गृहस्थांना तिसरं नाव दिसलं तर परत आबांना कोर्टात पाठवतील," असं म्हणून हे हसले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अगं, गंमत केली. तुझं पुस्तक आहे, तू ठरव."

मी ठरवलं. टंकलेखन करणाऱ्या बाईंकडे पान द्यायला गेले, तेव्हा ती ओळ कागदावर होती. रांगेत उभी असताना मला ती खिडकी आठवली. पासपोर्टवर ते आडनाव नाही, शपथेच्या कागदावर ‘यापुढे’ असा शब्द आहे, आता शेवटच्या पायरीवर काही अडायला नको, असं म्हणत मी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. कुणी सांगितलं नव्हतं. खाली एक जागा होती, ‘आउस’, म्हणजे कुठल्या गावची. बाईंनी विचारलं, गाव? लग्न झालेल्या बाईला गाव विचारलं की ती सासरचं सांगते. मी संगमनेर सांगितलं, आणि त्यात काही चुकलं असं मला वाटलंही नाही.

छापलेल्या प्रती आल्या, तेव्हा पहिली मी फ्राउलाइनबाईंना नेऊन दिली. त्यांनी पहिलं पान वाचलं.

"तुमचा जन्म इथं झाला, या संगमनेरमध्ये?"

"नाही. ते ह्यांचं गाव."

"तुम्ही किती दिवस राहिलात तिथं?"

"लग्नानंतर दोन महिने."

त्यांनी पान पुन्हा पाहिलं. "‘आउस’ म्हणजे जन्मगाव असतं. आणि ती ओळ? श्रिफ्टझेट्सरचं आडनाव?"

"ती मीच खोडली."

"त्या राणीसाठी निदान पाथरवट बोलवावे लागले होते," त्या म्हणाल्या. बोलल्या आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. उठून त्यांनी माझ्यासाठी कॉफी केली, त्यात साखर घालायची विसरल्या. मी ती तशीच प्यायले.

एक प्रत मी आधीच तासगावला धाडली होती. आबांचं उत्तर सव्वा महिन्यानं आलं. या वेळी मायन्यात जुनं नाव नव्हतं आणि नवंही नव्हतं. ‘चि. सौ. कन्येस’ असं होतं. पुढं लिहिलं होतं: "पुस्तक मिळाले. कागद जाड आहे. छपाई स्वच्छ, शाई सगळीकडे सारखी लागली आहे. पहिले पान पाहिले. इंग्रजी खिळ्यांची सवय आहे, म्हणून त्यावरचे नाव तुझ्या आईला वाचून दाखवले. पुस्तक छापखान्यात नेले नाही. लोक विचारतील, या बाई कोण. घरी सर्व ठीक."

ते पत्र मी ट्राममध्ये वाचलं आणि दोन थांबे पुढं गेले.

मी लगेच लिहिलं. माझी चूक झाली, भीतीनं झाली, माफ करा. आणि हेही लिहिलं की शेवटच्या पानावर माझी माहिती आहे, तिथं नियमाप्रमाणे वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहावा लागतो, तो मी लिहिला आहे, जन्मगावही तिथं बरोबर आहे. त्यावर आबांनी काहीच लिहिलं नाही. पुढची पत्रं पाऊसपाण्याची आणि आईच्या गुडघ्याची.

पुस्तक बदलण्याचा प्रश्नच नव्हता. प्रती विद्यापीठात जमा झाल्या होत्या. पदवीपत्रावर जे नाव लिहिलं गेलं ते त्याच पहिल्या पानावरून. समारंभाला फ्राउलाइनबाई आल्या, मला फुलं दिली, आणि त्या सभागृहात सगळ्यांत आधी त्यांनीच मला ‘फ्राऊ डॉक्टर’ म्हटलं. आनंदाचा दिवस होता, आणि तो आनंद खोटा नव्हता. छापखान्यातल्या कापलेल्या कागदापासून इथपर्यंत आले होते. पण ‘डॉक्टर’च्या पुढे ज्या बाईंचं नाव वाचलं गेलं, त्यांना तो कागद कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी आम्ही सुट्टीवर घरी गेलो. तासगावला मी एकटी चार दिवस राहिले. आबा थकले होते, चष्म्याची काच जाड झाली होती, पण अजून कामावर जात होते. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. ते त्यांनी एका पंच्यात गुंडाळून ठेवलं होतं. पहिलं पान त्यांनी उघडलंच नाही. थेट शेवटचं उघडलं. तिथं कोपरा मळलेला होता, बरेचदा उघडलेलं दिसत होतं. बारीक टाइपातल्या त्या ओळीवर, जिथं त्यांचं नाव आणि पुढं ‘श्रिफ्टझेट्सर’ असं होतं, त्यांनी नख ठेवलं.

"हा शब्द आमच्या धंद्याचा?"

"हो आबा."

"लांबलचक आहे." मग म्हणाले, "जागा बरोबर आहे. मुद्रकाचं नाव शेवटच्या पानावरच असतं. बारीक टाइपात. कायद्यानं घालावं लागतं."

रागानं म्हणाले असते तर मला काही बोलता आलं असतं. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, प्रूफ तपासताना बोलावं तसे. मी म्हणाले, "आबा, मी पुन्हा एखादं पुस्तक लिहीन." ते म्हणाले, "लिही ना." आणि पंच्याच्या घड्या नीट करून पुस्तक त्यात ठेवलं.

मी पुढं पुस्तक लिहिलं नाही. नोकरी केली, मुलं वाढवली, दोन-तीन लेख छापून आले, तेही त्याच नावानं. आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. संध्याकाळ व्हायच्या आधी छापखान्याचे मालक मला बघायला म्हणून आले. मी आत आईजवळ होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"कुठाय आपली पोरगी?" असं म्हणून मालकांनी माझं जुनं नाव घेतलं. "डॉक्टर झाली म्हणे."

"तसं नाही मालक," आबा म्हणाले. "आता नाव वेगळं आहे." आणि त्यांनी माझं नवं नाव पूर्ण सांगितलं. पहिलं, मग ह्यांचं, मग आडनाव. एकेक अक्षर सुटं करून, स्पष्ट. मालक म्हणाले, "हां हां, बरोबर, सासरचं."

मग आत तोंड करून आबांनी मला त्याच नावानं हाक मारली, मालकांसाठी चहा आण म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. आई हातातली फुंकणी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी ओ दिली, आणि कपबशा काढल्या.